कोविडा, निवृत्तीच्या शुभेच्छा!

कोविड-१९ (सेवानिवृत्त) यास,

मायना लिहितानाच पेन अडलं. तू वयाने लहान, म्हणजे रीतीप्रमाणे ‘चि.’ लिहायला हवं. पण तुला चिरंजीव म्हणायची माझी छाती होत नाही. लिहिलं आणि खरं ठरलं, तर सगळी गल्ली माझ्याकडे जाब मागायला येईल. ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ हेही राहू दे. मायन्याशिवायच पत्र वाचून घे.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तुझी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तेव्हाच दोन ओळी लिहायच्या होत्या. राहून गेलं. निवृत्तांची कामं राहूनच जातात, हे तुला आता कळेल. सव्वातीन वर्षं काय तुझा थाट! पंतप्रधान तुझ्या नावाने रात्री आठला टीव्हीवर यायचे, जिल्हाधिकारी तुझ्यासाठी रोज नवा आदेश काढायचे. आता तुला सर्दी-पडशाच्या टेबलावर बसवलंय म्हणे. होतं असं. आमच्या जिल्हा परिषदेत मोठमोठ्या साहेबांचं झालेलं पाहिलंय; ३१ तारखेला हारतुरे, आणि १ तारखेला शिपाई ओळख दाखवत नाही.

मी कोण हे तुला आठवायचं कारण नाही. सावेडीत राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमचे हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तुझ्या दप्तरी आमचा जिल्हा अहमदनगर म्हणून असेल. २०२४ पासून तो अहिल्यानगर झाला. जुन्या पत्त्यावर पुन्हा यायचा विचार असेल तर सापडणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

निवृत्त नवरा-बायकोचं घर कशावर चालतं? लोकांना वाटतं, पेन्शनवर. माझी पेन्शन बरी आहे. यांची ईपीएस-९५ ची, जिची किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजारावर अडकून बसलीय. तीत यांचा बाहेरचा चहा आणि पेपर निघतो. पण घर चालतं ते दिवसातले काही तास एकमेकांच्या नजरेआड जाण्यावर. हे सकाळी फिरायला जात. न्याहारी झाली की पुन्हा बाहेर. आधी जिल्हा वाचनालय, मग माळीवाड्यात जुना कुणी डेपोवाला भेटला तर कटिंग, आणि शेवटी तारकपूर स्थानकावर एक चक्कर. कुठे जायचं असायचं म्हणून नाही, कोणती गाडी किती उशिरा लागली ते बघायला. ‘आमच्या वेळेला असं नव्हतं’ हे वाक्य तिथल्या बाकावर बसून एकदा म्हटलं की यांना जेवण पचायचं. पाचच्या सुमारास घरी. तोवर घर माझं, रेडिओ माझा, झोपाळा माझा. यावर आमच्यात कधी चर्चा झाली नव्हती, पण तो तह होता आणि दोन्ही पक्ष तो इमानाने पाळत होते.

तो तू मोडलास.

२२ मार्च २०२० ला, रविवारी, जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला सगळी कॉलनी गच्चीवर. माझ्या आईने रुखवतात दिलेलं पितळी ताट यांनी उलथन्याने असं बडवलं की त्याला पोचा आला. २३ ला राज्यभर संचारबंदी, जिल्ह्यांच्या सीमा बंद, एसटी बंद. २४ ला रात्री देशाला २१ दिवसांची टाळेबंदी. आणि २५ ला गुढीपाडवा! साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त तू आम्हाला घरात बसवण्यासाठी निवडलास. मुहूर्त काढून देणारा तुझा गुरुजी कोण ते कळव. बाजारात गाठी मिळाली नाही. गुढीला गुळाचा खडा पुरचुंडीत बांधून लटकवला. कडुलिंब मात्र दारातच होता, त्याचा तुटवडा पडला नाही.

आता घरात वाहतूक नियंत्रक कायमचा मुक्कामाला आला म्हणजे काय होतं ते ऐक. यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक लावलं. चहा, न्याहारी, जेवण, वामकुक्षी, पुन्हा चहा. प्रत्येकापुढे ‘नियोजित’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन रकाने. आमटीला उशीर झाला की प्रत्यक्ष वेळ लिहून खाली ‘विलंबाचे कारण’ मला विचारायचे. मी सांगितलं, ‘चालक-वाहक एकच आहे, आणि ती कंटाळलीय.’ तेही लिहून घेतलं.

कुकरची शिट्टी झाली की बाहेरच्या खोलीतून हाक यायची, ‘अगं, दोन झाल्या!’ सारी नोकरी मी चौथीचा वर्ग आणि घरचा कुकर दोन्ही सांभाळले, तेव्हा शिट्ट्या मोजायला परिवहन महामंडळाची मदत लागली नव्हती. मग डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. मोहरीच्या डब्यावर ‘मोहरी’ लिहिलं. जणू इतकी वर्षं मी अंदाजाने फोडणी देत होते. शेंगदाण्याच्या कुटाची नोंदवही सुरू झाली. ‘अगं, या वेगाने कूट १४ एप्रिलपर्यंत पुरत नाही.’ १४ एप्रिलची मुदत ३ मे झाली, मग १७ मे, मग ३१ मे. प्रत्येक मुदतवाढीला दिल्लीहून आधी घोषणा आणि मग आमच्याकडे कुटाचं सुधारित अंदाजपत्रक.

धुण्याभांड्याच्या मावशींना येता येत नव्हतं. यांनी बाह्या सरसावल्या. माझा लोखंडी तवा, ज्याच्या अंगात कैक वर्षांचं तेल मुरलेलं, तो यांनी तारेच्या घासणीने घासून चकचकीत केला आणि शाबासकीसाठी समोर धरला. त्या तव्यावर त्यानंतर एक धिरडं सुटून आलं नाही. तुझ्या नावावर मी ज्या नोंदी करून ठेवल्यात त्यात ताटाच्या खाली तवा आहे.

तरी मी फार बोलले नाही. कारण दुपारी अधूनमधून हे घड्याळाकडे बघायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, ‘आता नाशिक लागली असती.’ थोड्या वेळाने, ‘शिर्डी सुटली असती.’ ज्या माणसाने जन्मभर गाड्या सोडल्या, त्याला एकही गाडी न सुटणारं स्थानक काय वाटत असेल, हे विचारायची सोय नव्हती. मीही मनातल्या मनात सकाळची प्रार्थनेची घंटा ऐकत होतेच की.

तुझ्यापेक्षा तुझ्या साथीदारांनी जास्त छळलं, हे तुझ्या बचावासाठी नोंदवते. फोन लावला की पलीकडचा माणूस बोलण्याआधी यंत्रातून कुणीतरी खोकायचं. माझ्या म्हाताऱ्या नणंदेने दोनदा फोन ठेवून दिला. तिला वाटलं, वहिनीचं काही खरं नाही. मग व्हॉट्सअॅपवरचे धन्वंतरी उठले. दर पंधरा मिनिटांनी गरम पाणी, सुंठ-मिरी-दालचिनीचा काढा, नाकात तेल, वाफ सकाळ-संध्याकाळ. आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या आर्सेनिक अल्बमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या कुणीतरी दारात देऊन गेलं. काढ्याने तू मेलास की नाही ठाऊक नाही. यांची मूळव्याध मात्र खडखडीत जागी झाली. दुधाच्या पिशवीला साबणाची अंघोळ, मेथीला मिठाच्या पाण्यात बुडी, आणि भाजीवाल्याने परत दिलेल्या दहाच्या नोटेला इस्त्री. होय, इस्त्री. यांनी केली. गांधीजी इतके नीटनेटके मी नोटेवर कधी पाहिले नव्हते.

एप्रिलात सरकारने पेपर छापायला परवानगी दिली, घरोघरी टाकायला मनाई केली. म्हणजे स्वयंपाक करायची मोकळीक होती, वाढायची नव्हती. सकाळचा पेपर गेल्यावर या माणसाच्या हातांना काही काम उरलं नाही. बरं, दूरदर्शनने २८ मार्चपासून सकाळी नऊ आणि रात्री नऊ रामायण लावलं, म्हणून घरात थोडी शांतता नांदली. केस वाढले, मी साडीच्या फॉलच्या कात्रीने कापले. २८ जूनला सरकारने केशकर्तनालयं उघडली, पण फक्त केस कापायचे, दाढी नाही. नियम लिहिणाऱ्याच्या मते तू हनुवटीजवळच राहत होतास.

आणि क्रम तर बघ. १७ मार्चला शिर्डीच्या साईबाबांचं दार बंद झालं. राज्यात दारूची दुकानं मेच्या पहिल्या आठवड्यात उघडू लागली, आणि साईंचं दार उघडलं १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला. मी माळकरी नाही, तरी सांगते, हा क्रम लावणाऱ्याचं मला नवल वाटलं.

आता मुख्य तक्रार. ती तुझ्याविरुद्धही आहे आणि तुझ्या नावाखाली सही करणाऱ्यांविरुद्धही.

मे २०२० मध्ये केंद्राचा आदेश आला: पासष्टीपुढचे लोक, आजारी, गर्भवती आणि दहा वर्षांखालची मुलं यांनी घरातच थांबावं. आमचे हे पासष्ट ओलांडलेले. ज्या वयाची पोरं मी जन्मभर शिकवली, त्यांच्याच ओळीत माझा नवरा बसवला गेला. टाळेबंदी उठत गेली, दुकानं उघडली, कारखाने उघडले, ही ओळ तेवढी प्रत्येक नव्या आदेशात जशीच्या तशी खाली उतरत राहिली. गल्लीतला परवा मिसरूड फुटलेला स्वयंसेवक, जो माझ्या वर्गात दोन अधिक दोन बोटांवर मोजायचा, मला फाटकातून दरडावून गेला, ‘बाई, आजोबांना आत घ्या.’ आजोबा फाटकाच्या आतच उभे होते.

काळजी होती हे मान्य. पण काळजीच्या खाली दुसरं काहीतरी होतं. राज्याच्या आरोग्य खात्याचं रोज एक प्रसिद्धिपत्रक यायचं. इतके नवे रुग्ण, इतके बरे, इतके मृत्यू. त्याखाली मृतांची फोड: इतके साठीच्या पुढचे, इतक्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग असे ‘अतिजोखमीचे आजार’. संध्याकाळी बातम्या लावल्या की ती फोड ऐकून शेजारपाजारच्या तरुणांचा जीव भांड्यात पडायचा. ‘हां, म्हातारे होते. शुगर होती.’ झालं. हिशोब मिटला. माझा रक्तदाब, यांचा मधुमेह. आम्ही दोघं सोफ्यावर बसून स्वतःचं वर्णन ऐकायचो आणि चॅनल बदलायचो. डॉक्टरांना ती माहिती लागते, हे मला समजतं. पण ती आकडेवारी बाहेर आली की तिचा अर्थ फिरायचा. म्हाताऱ्याचं मरण हे अर्धं मरण धरलं जात होतं. तू फुप्फुसात शिरलास त्याहून ही सवय लोकांच्या तोंडात जास्त खोल शिरली. तुझ्यावर लस निघाली, तिच्यावर निघालेली नाही.

मुलगा पुण्यात. नगर-पुणे अंतर एकशेवीस किलोमीटर, एसटीने तीन तास. हा रस्ता यांच्या देव्हाऱ्यातला आहे, कारण १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी याच पुणे-नगर मार्गावर धावली. त्या गाडीचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावं आमच्या घरात आजोबा-पणजोबांच्या चालीवर घेतली जातात. त्या रस्त्यावर आता ई-पास लागत होता. मुलाने अर्ज केला, कारण लिहिलं ‘आई-वडील वृद्ध’. नामंजूर. दुसऱ्यांदा केला, तोही नामंजूर. कुणीतरी गेल्याशिवाय, म्हणजे मेल्याशिवाय, कारण सबळ ठरत नव्हतं. मुलगी अमेरिकेत. तिचा चेहरा आणि त्याचा चेहरा मोबाइलवर एकाच मापाचे दिसायचे. पुणं आणि न्यू जर्सी तू एकाच अंतरावर नेऊन ठेवलंस.

२० ऑगस्टला जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या एसटी सुरू झाल्या. आणि गंमत अशी की एसटीला ई-पास नको, स्वतःच्या मोटारीला हवा! दोन सप्टेंबरपर्यंत हे असंच चाललं. अनोळखी माणसांसोबत एका गाडीत बसून यावं, एकट्याने काच लावून येऊ नये, असा त्याचा अर्थ. यांना मात्र तो आदेश म्हणजे महामंडळाचा विजय वाटला. २२ ऑगस्टला गणपती. मुलगा, जो कॉलेज सुटल्यापासून लालपरीत चढला नव्हता, दारची मोटार तशीच ठेवून एसटीने आला. व्हरांड्यात लांब बसला, मोदक तिथेच खाल्ले. हे आतून विचारत होते, ‘गाडी वेळेवर सुटली का? शिरूरला किती थांबली?’ तब्येतीचं कुणी कुणाला विचारलं नाही. त्याच्या आधी ३० जूनला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या तेव्हाही हे टीव्हीसमोर ताठ उभे होते. ज्या जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या माणसाला माउली बसमधून जाताना बघून रडू यायला हवं. यांना अभिमान वाटत होता. मी काही बोलले नाही.

पण कोंडून घालायचं म्हणशील तर नगरला नवल नाही. आमच्या भुईकोट किल्ल्यात इंग्रजांनी ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे डझनभर लोक आणून ठेवले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. नेहरूंनी बागेत माती उकरली आणि १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं, हे पोरांना मी दरवर्षी शिकवत असे. टाळेबंदीत लोक एकमेकांना ‘काहीतरी सर्जनशील करा’ म्हणून सांगत होते, तेव्हा मला नेहरू आठवायचे आणि राग यायचा. त्यांच्या हातात शेंगदाण्याच्या कुटाची वही नव्हती.

मला जवळचे वाटतात ते मौलाना आझाद. ते पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करायचे, चिनी चहाच्या चवीवर, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर एका मित्राला लांबलांब पत्रं लिहायचे. पत्रं पाठवायची परवानगी नव्हती. लिहायचे आणि ठेवून द्यायचे. पुढे १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ नावाने छापून आली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारली. आजाराची बातमी किल्ल्यात पोचत होती. सरकारकडे सुटकेची याचना करायला त्यांनी नकार दिला. इंग्रज सरकार निदान विचारलं तर नाही म्हणण्याइतकं समोर होतं. २०२१ च्या एप्रिलात लोकांनी याचना कुणाकडे करायची? आमच्या समोरच्या घरातले काका दवाखान्यात दाखल झाले, काकू घरी विलगीकरणात. फोनवर रोज एकदा ‘स्टेबल’ असा शब्द यायचा. नंतर तो आला नाही. अमरधाम स्मशानभूमीत त्या दिवसांत जागा पुरत नव्हती. अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी उरकले. संसार चाळीस वर्षांपलीकडचा, आणि निरोप म्हणून काकूंच्या हातात एक पावती आली. काका सत्तरीचे होते. शुगर होती. कॉलनीत कुणीतरी ते म्हटलंच.

लसीचं तुला सांगायलाच हवं, कारण त्यात तू नामानिराळा राहिलास आणि आम्ही पळत राहिलो. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस. मोबाइलवर नोंदणी, मोबाइलवर ओटीपी, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं ती मंडळी ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ एवढंच शिकलेली. मुलाने पुण्यात बसून आमची नोंदणी केली. आम्ही नगरहून त्याला ओटीपी ओरडून सांगितला. पहिली मात्रा मार्चमध्ये झाली. दुसरी चार आठवड्यांनी, असं कार्डावर लिहून दिलं. मग आदेश आला, सहा ते आठ आठवड्यांनी. ती वेळ आली तेव्हा केंद्रावर लसच नव्हती. पहाटे जाऊन चपलांची रांग लावायची, दहाला ‘साठा संपला’ची पाटी बघून त्याच चपला घालून परत यायचं. १३ मेला नवा आदेश, बारा ते सोळा आठवडे. मधले आठवडे वाढवल्याने प्रतिकारशक्ती जास्त चांगली येते असं शास्त्र सांगतं म्हणाले. असेलही. पण शास्त्र नेमकं साठा संपल्यावर सांगायला आलं. हे म्हणाले, ‘फेरी रद्द झाली की आम्हीपण प्रवाशांना असंच सांगायचो.’

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, भाऊबिजेच्या दिवशी, आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. तुझ्यावर उपचार घेणारे अकरा जण गेले. ज्यांच्या श्वासासाठी ती खोली होती, त्यांचा श्वास त्या खोलीतच धुराने कोंडला. हा हिशोब तुझ्या नावावर लिहायला मी बसले होते. पण ते खोटं झालं असतं. तू त्यांना खाटेपर्यंत आणलंस. पुढचं काम माणसांनी केलं. तुझ्यासारखा आरोपी मिळाला की बाकी सगळ्यांची सुटका होते, हा तुझ्यामुळे समाजाला मिळालेला सर्वांत मोठा लाभ. औषधाच्या कुपीला दहापट भाव लावणारे, प्राणवायूच्या नळकांड्यावर नफा मोजणारे, सगळे आज तुझ्या सावलीत बसून ‘काय भयंकर काळ होता’ म्हणतात.

हेही खरं की त्याच काळात नगर जिल्ह्याने तुला दोनदा चपराक दिली. पारनेर तालुक्यात भाळवणीला तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी हजारावर खाटांचं केंद्र उभं केलं, आणि लोकांनी शेतातली भाजी, धान्य, फळं तिथे आणून ओतली. हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी गावकऱ्यांची पथकं केली. घरोघर तपासणी, लक्षण दिसलं की त्याच दिवशी माणूस वेगळा, त्याच्या घरच्यांची आणि जनावरांची काळजी गावाने घ्यायची. मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झालं आणि पुढे राज्याने कोरोनामुक्त गावांची स्पर्धाच काढली. तिथे म्हाताऱ्यांना कुणी फाटकातून ‘आत घ्या’ म्हणालं नाही. पथक दारात येऊन विचारून गेलं. एवढाच फरक होता, आणि त्याला फार पैसा लागत नव्हता.

आता आमचं पूर्ववत आहे. हे पुन्हा तारकपूरला जातात, गाड्या पुन्हा उशिरा लागतात, घर दुपारी पुन्हा माझं असतं. भिंतीवरचं वेळापत्रक मी काढलं.

तू परत येऊ नकोस, असं तुला सांगून उपयोग नाही. तू कधी विचारून आला नव्हतास. म्हणून शेवटच्या चार ओळी तुझ्यासाठी नाहीत. तुझ्यासारखा पुढचा कुणी आला की टेबलाभोवती बसून आदेश लिहिणाऱ्या साहेबांसाठी आहेत. म्हाताऱ्यांनी काय करावं हे ठरवाल तेव्हा त्या टेबलाशी एक म्हातारी आणि एक म्हातारा बसवा. आजारी आई-वडिलांकडे जायला मरणाआधीही पास द्या. आणि संध्याकाळच्या पत्रकात मेलेल्यांचं वय जरूर लिहा, पण आधी त्यांना माणसांत मोजा.

कळावे. लोभ नसावा.

एक निवृत्त शिक्षिका,
सावेडी, अहिल्यानगर